गुरुवारचा नंबर

प्रिय आत्या,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि समोर आलीस की झोपवतेस, म्हणून हे पत्र. चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच. गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणून मधेच उठायचं नाही.

मी माझा दवाखाना या मोठ्या हॉस्पिटलला दिला तेव्हा सगळे म्हणाले, सुटलीस बाई. तू एकटीच म्हणालीस की खारूताई पिंजऱ्यात गेली. काय करणार गं, भाडं, यंत्रांचे हप्ते, विम्याचे कागद, नाकी नऊ आले होते. इथे ती कटकट नाही. पण पेशंटमागे दहा मिनिटं झाली की समोरचा कॉम्प्युटरचा पडदा लाल होतो. महिनाअखेरीस साहेब गोड आवाजात विचारतात, मॅडम, तुम्ही तपासण्या कमी का लिहिता? एखादी आजी नातवाचं कौतुक सांगायला लागली की माझा जीव घड्याळात. घरी लेकीने हाक मारली तर ओ द्यायचंही त्राण नसायचं. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता, तोही तू कसा ओळखलास देव जाणे.

आणि एका गुरुवारी दुपारी पडद्यावर तुझं नाव! घाबरून विचारलं काय होतंय, तर म्हणालीस, मला काय धाड भरलीय? फी भरलीय, दहा मिनिटं माझी आहेत, तू आडवी हो. मी तपासायच्या टेबलावर आणि तू माझ्या खुर्चीत, राखणीला बसल्यासारखी. तेव्हापासून दर गुरुवारी हेच. पुढच्या पेशंटला मी हसून ‘बसा’ म्हणते ते तुझ्यामुळे. राजीनामा अजून पर्समध्येच आहे, परवा त्याच्या पाठीवर किराण्याची यादी लिहिली. उपकार मानले तर तू रागावशील, पण तू नसतीस तर मी हे काम केव्हाच सोडलं असतं.

परवाच्या गुरुवारी मात्र मला झोप लागली नाही. कुशीवर वळले तर तुझे पाय दिसले. चपला काढल्या होत्यास आणि पट्ट्यांचे वळ सुजलेल्या पावलांत रुतून बसले होते. मग आठवलं, हल्ली जिना चढून आलीस की तू दारातच थांबतेस आणि पिशवीत काहीतरी शोधायचं नाटक करतेस. रात्री आडवं झाल्यावर दम लागतो का, असं विचारलं तर म्हणालीस, डोळे मीट. तेवढ्यात पुढचा नंबर लागला आणि तू सटकलीस.

येत्या गुरुवारी तुझ्या नावावर ओळीने तीन नंबर मी घेतलेत, फीसुद्धा भरलीय. जिना चढायचा नाही, खाली लिफ्टपाशी मी उभी असेन. या वेळी टेबलावर तू आणि खुर्चीत मी. आधी तुझी छाती नीट ऐकेन, मग पाय बघेन. लागतील त्या तपासण्या लिहीन, साहेबांना काय खूश व्हायचंय ते होऊ देत. पडदा लाल होऊ दे, नाहीतर जांभळा होऊ दे. मला अजून खूप गुरुवार हवेत गं, आत्या.

तुझीच,
खारू