दाराबाहेरचा तळहात

मुलुंड, ६ जुलै २०२४

चि. गंधालीस मुलुंडच्या गाळ्यातून काकाचे अ. उ. आ.

फोनवर तुझा आवाज आता नुसती घरघर वाटते आणि मोबाइलवर माझं एक बोट तीन अक्षरं दाबतं, म्हणून पत्र. वाचायची सवय नसेल तर लाव.

तू पसंत केलेलं सीएनसी मशीन, म्हणजे तो कॉम्प्युटरवाला लेथ, उत्तम चालतं. प्रीतम प्रोग्राम टाकतो, कापायचा लोखंडी जॉब लावतो, दार सरकवतो, आणि बाप नंदीसारखा बाहेर बसतो. नलिनीकाकू म्हणते, चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुमची पँट स्वच्छ आली.

पण एक अडतं. कान गेले तरी जुन्या लेथवर माझं काही अडलं नव्हतं. टूल धरणाऱ्या टूलपोस्टवर तळहात ठेवला की टूल कापतंय की घासतंय, ते हाताला कळायचं. इथे दार लागलं की मशीन मुकं. परवा आत टूल तुटलं आणि पंपाचे शाफ्ट एकामागून एक वाया गेले. प्रीतम स्क्रीनकडे बघत होता, मी प्रीतमकडे. दार उघडं ठेवून मशीन चालवायची युक्ती तुमच्या कंपनीत कोणाला तरी ठाऊक असेलच. माझ्यापुरती सांग.

लोभ आहे. तो मोजायला तुझा मायक्रोमीटर लागणार नाही.

तुझा जयवंतकाका


अंधेरी (पूर्व), १२ जुलै २०२४

ती. काकांना गंधालीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचता आलं.

युक्ती आहे आणि मी ती सांगणार नाही. जुना लेथ तुमच्या हाताने चालायचा, तुमच्या हाताने थांबायचा. या मशीनमधलं टूल धरणारं चाक टूल बदलायला स्वतःच फिरतं, कोणाला न विचारता, आणि डोळ्याला दिसेपर्यंत फिरून झालेलं असतं. दार तुम्हाला बाहेर ठेवण्यासाठीच आहे.

अडचण मात्र खरी आहे. टूल बोथट होताना स्क्रीनवरचा लोडचा, म्हणजे मोटारवरच्या ताणाचा, आकडा फारसा हलत नाही, तुटल्यावर हलतो. आमच्याकडे कंपन टिपणारे सेन्सर आहेत, काडेपेटीपेक्षा लहान. एक आत टूलच्या बुडाशी बसवायचा, आणि दाराबाहेर एक तबकडी. आतली थरथर जशीच्या तशी तबकडीत येईल. तळहात तिच्यावर ठेवायचा. ती मी स्वतः बनवते आहे. ऑफिसातला मुकुल तिला मशीनचा स्टेथोस्कोप म्हणतो. ही दया आहे असं समजू नका. मशीन सुचवलं तेव्हाच मला हे सुचायला हवं होतं.

काकूला नमस्कार. लोभ ठेवा आणि दार बंद ठेवा.

गंधाली


मुलुंड, २ ऑगस्ट २०२४

चि. गंधालीस अ. उ. आ.

तबकडी कुठे आहे गो? तू एकदा घरी पोहे करायला घेतलेस तेव्हाही दाणे मोजत बसली होतीस, आणि आम्ही शेवटी चहा-बिस्किटावर भागवलं.

तोवर सुबोध मेकॅनिकने काम केलं. दारावरची पत्ती स्विचमध्ये शिरली की मशीनला दार बंद झाल्याचं कळतं ना, तशी एक सुटी पत्ती त्याने खुपसून दिली. आता दार उघडं असलं तरी मशीनला ते बंदच वाटतं. घाबरू नकोस. मी फक्त आतल्या चौकटीवर हात ठेवतो, फिरत्या जॉबपासून चांगला लांब.

पहिल्याच दिवशी बोथट टूल पकडलं. प्रीतम म्हणाला, बाबा, आकडा तर हलला नाही. मी म्हटलं, हात ठेव. त्याने ठेवला, डोळे मिटले आणि हसला. त्याला कळलं गो. या पोराला माझ्याकडून काही शिकावंसं वाटलं, ते हे पहिलं.

तुझी तबकडी थोडी चुकत असली तरी पाठव. लोभ आहेच, फक्त वाट बघून जरा गंजलाय.

जयवंतकाका


अंधेरी (पूर्व), ७ ऑगस्ट २०२४

ती. काकांना सा. न. वि. वि.

ती सुटी पत्ती आजच काढा. प्रीतमला फोन केला, तो हो म्हणाला. तो सगळ्यालाच हो म्हणतो, म्हणून तुम्हालाही लिहिते. काढली नाही तर मी कंपनीला कळवेन आणि मशीनची सर्व्हिस बंद होईल. ही धमकीच आहे.

तबकडी तयार आहे, पण किंचित उशिरा थरथरते. तुमच्या हाताला चुकीचं शिकवणारी वस्तू मी देणार नाही. नेमकी झाली की गणपतीआधी घेऊन येते.

रागावलात तरी चालेल. लोभ नंतर वसूल करीन.

गंधाली


अंधेरी (पूर्व), २९ ऑगस्ट २०२४

ती. काकांना सा. न.

हॉस्पिटलात मी तुम्हाला मागून हाक मारली. तुम्हाला ऐकू गेली नाही, आणि मी समोर आले नाही.

तुम्हाला कोणी नीट सांगितलं नसेल, म्हणून लिहिते. तुम्ही पत्ती काढून खिळ्याला टांगली होती. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा प्रीतमने ती परत लावली. चौकटीवर हात ठेवून त्याला पुरेसं कळलं नसावं. त्याचा हात तुमच्याइतका मुरलेला नाही. म्हणून त्याने तो आणखी आत नेला. टूल बदलायला ते चाक फिरलं. उजव्या हाताची चार बोटं डॉक्टरांना जोडता आली नाहीत. अंगठा आहे.

शुद्धीवर आल्यावर त्याने मला विचारलं, टूल बोथट झालं होतं का. मी गाळ्यात जाऊन पाहिलं. झालं होतं. त्याला तसं सांगितलं आहे.

तबकडी सोबत पाठवते. तिचा उशीर इतका थोडा होता की तुमच्या हाताला तो कळलाही नसता. मी तो काढत बसले होते.

लोभ मागत नाही.

गंधाली


मुलुंड, ५ ऑक्टोबर २०२४

चि. गंधालीस अ. उ. आ., आधीच्या पत्रांत होते तेवढेच.

तुझं खोकं महिनाभर उघडलं नव्हतं. काल सुबोधकडून तबकडी बसवून घेतली. प्रीतमही आला होता, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. दार लावलं, मशीन चालू केलं, मी हात ठेवला. सगळं येतं. टूल लागल्याचं, घासल्याचं, लोखंडात कुठे टणक गाठ आली त्याचं. जुन्या लेथपेक्षा स्वच्छ येतं. हे तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

मग प्रीतमला खूण केली. त्याने सवयीने उजवा हात पुढे केला. बँडेज तबकडीपाशी नेऊन थांबला, मागे घेतलं आणि डावा ठेवला. डोळे मिटले. बराच वेळ तसाच उभा होता. मी विचारलं, कळतंय का रे? तो काहीतरी बोलला, पण तोंड भिंतीकडे होतं, ओठ दिसले नाहीत. मी परत विचारलं नाही.

दसऱ्याला ये. समोरून ये.

लोभ आहे. दार बंद आहे.

जयवंतकाका