तबकडीची दुसरी बाजू

माय, परवा टीव्हीवर एक गाणं लागलं होतं आणि त्यात कोणी गातच नव्हतं. एक पोरगा, ढगळ पँट, डोक्यावर उलटी टोपी, दोन बोटं कॅमेऱ्यात खुपसत नुसता बोलत होता. बोलणं मात्र तालावर, यमकाला यमक, आणि चार ओळी झाल्या की स्वतःचं नाव. मागं मोटारी, नाचणाऱ्या पोरी, कुठल्याशा पडक्या गोदामात लावलेले निळे दिवे. तुझी नात पाय वर घेऊन बघत होती. तिनं विचारलं, बाबा, कसं वाटलं? मी म्हटलं, बरं आहे. मग तिथंच बसून राहिलो आणि यावर तू काय म्हणाली असतीस ते मनात जुळवून पाहिलं. काही आलं नाही. ते गाणं संपलं, दुसरं लागलं, तेही तसंच बोलण्याचं, त्यावरही काही आलं नाही. वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. दात काढल्यावर जीभ तिथं जाते आणि नुसती जागा लागते, तसं.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्यानंतरच्या हिवाळ्याबद्दल लिहितो आहे. तू वाशीमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होतीस आणि मी बावीस वर्षांचा, छापखान्यात जुळारी, शिशाचे खिळे जुळवून ओळी लावणारा. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं मी लोकांची प्रुफं वाचून शिकलो. हे तू वस्तीत सगळ्यांना सांगायचीस. मीही सांगायचो, अजून सांगतो. जिनिंगच्या फाटकासमोर एक हॉटेल होतं, त्याच्या छपराच्या टिनावर कर्णा बांधलेला. हॉटेलवाल्यानं अकोल्याहून कव्वालीच्या मुकाबल्याची रेकॉर्ड आणली होती. लहान तबकडी, सात इंची. आता कोणी त्या दिवसांचं सांगायला लागलं की हात पसरून मोठी दाखवतो, ते चूक आहे. एका बाजूला पुरुषाचा सवाल आणि उलटी केली की दुसऱ्या बाजूला बाईचा जवाब, अशी तिची रचना. बाईच्या बाजूला पहिल्याच आठवड्यात आडवी चीर गेली. सुई एका शब्दावर यायची आणि तोच शब्द म्हणत राहायची. म्हणून हॉटेलवाला फक्त पुरुषाची बाजू लावायचा, रोज, तुमच्या दुपारच्या सुट्टीत. सवाल व्हायचा, सुई उचलली जायची, जवाब यायचाच नाही.

तो तू द्यायचीस. मी छापील फॉर्मांचा गठ्ठा घेऊन जिनिंगच्या ऑफिसात यायचो, त्यामुळे मी हे सांगोवांगी लिहीत नाही, पाहिलेलं आहे. मी फाटकाशी उभा आहे. यंत्र थांबलंय, कानात अजून त्याची घरघर आहे. तू रुईच्या ढिगाला पाठ लावून बसली आहेस, भुवयांवर, पापण्यांवर कापूस बसलेला, त्यानं तू आहेस त्याहून म्हातारी दिसतेस. बायकांनी भाकरीची फडकी सोडलीत, पण घास कोणी घेत नाही. कर्ण्यातून तो गडी मोठ्या तोऱ्यात बाईला विचारतो आहे की मी नसलो तर तुझ्या दारात दिवा कोण लावील, आणि कडवं संपता संपता स्वतःचं नाव गुंफतो आहे. ढोलक थांबते. सगळ्या तुझ्याकडे बघतात. तू घाई करत नाहीस, आधी पाणी पितेस. मग कर्ण्याकडे तोंड करून, तो गडी खरंच टिनावर चढून बसला असावा तशी, म्हणतेस, "दिवा मी लावतो रे बावा. तू आधी रांगेत उभा राहून रॉकेल तं आन." आणि हशा व्हायच्या आत दुसरं, "अन् घडीघडी नाव काहून सांगून राह्यला? रेशन कारडावर चढवाचं हाये का?" काट्यावरचा कारकून वजनं सोडून हसतो. मुकादम रागवायला म्हणून येतो आणि त्याच्यानं रागवणं होत नाही. रोज जवाब वेगळा असायचा, म्हणून तर त्या थांबायच्या. हा मी पाहिलेल्या एका दिवसाचा आहे.

घरीही तुझं तेच. तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस आणि विहारापाशी जयंतीचा मंडप पडला आहे, तिथून कव्वाल्या ऐकू येतात. त्या तुला मनापासून आवडायच्या, पण आवडलं म्हणून तू कोणाला सोडत नसायचीस. म्हणायचीस, ढोलकवाल्याला कोणी पाणी पाजा, त्याचा हात वाळला आहे. ही बाई चांगली गाते, पण समोरच्याचं पुरं होऊ देत नाही. तिकडे केनवड गावात नळावर भांडणारी बाईसुद्धा आधी समोरचीचं सगळं ऐकून घेते. सिनेमातल्या एका रडक्या गाण्याला तू म्हणाली होतीस, हे पोट भरल्यावरचं रडणं आहे. असं काहीतरी. यातलं किती जसंच्या तसं तुझं आणि किती मी पुढे भरलेलं, ते मला आता सांगता येणार नाही. मी तपशिलाला पक्का माणूस आहे, म्हणून हे इथं नोंदवून ठेवतो.

आमचे मालक छापखान्यातून एक चार पानी साप्ताहिक काढायचे, तुला ठाऊकच आहे. एका शनिवारी तिसऱ्या पानावर खाली जागा राहिली, जाहिरात यायची होती ती आली नाही. मालक म्हणाले, नव्या रेकॉर्डींबद्दल काहीतरी टाक, लोक वाचतात. मी त्यांना तुझं रॉकेल आणि रेशन कार्ड सांगितलं. संध्याकाळी घरी येऊन तुला सांगितलं की तुझा जवाब छापून येणार आहे. तू परातीतलं पीठ मळत होतीस. हात थांबवले नाहीस, पण विचारलंस, "माह्यंच?" मी म्हटलं, तुझंच. पुन्हा विचारलंस, "मी बोलतो तसं?" मी हो म्हटलं. सोमवारी अंक निघेपर्यंत जिनिंगमध्ये सगळ्यांना कळलेलं होतं. शेजारची काकू तुझ्याच ढिगावर कामाला होती, ती मला सांगत होती, तुझी माय म्हणते, आता हॉटेलवाल्याची दुसरी बाजू कागदावर वाजणार.

सोमवारी दुपारी मी मुद्दाम आलो. फॉर्मांचं काम नव्हतं, तरी एक गठ्ठा काखेत घेतला. तुला वाचता येत नव्हतं, तिथल्या एकीलाही येत नव्हतं, म्हणून अंक काट्यावरच्या कारकुनाच्या हातात होता. सवाल वाजून झाला होता, सुई उचलली होती, सगळ्या गोळा झाल्या होत्या. तू मात्र थोडी बाजूला बसली होतीस, ज्याचं कौतुक व्हायचं असतं तो बसतो तशी. कारकुनानं वाचलं. पुरुषाच्या गर्वोक्तीस स्त्रीचे उत्तर असे की, दीप प्रज्वलित करण्यास ती स्वतः समर्थ असून पुरुषाने तिला केवळ साहाय्य करावे. गायकाने प्रत्येक कडव्यात स्वनामाचा उल्लेख करणे रसिकांस खटकते. तो थांबला. बायका वाट बघत राहिल्या. एक म्हातारी होती, सरकी वेचणारी, तिनं विचारलं, "झालं?" तो म्हणाला, झालं. तिनं विचारलं, "अन् रॉकेल कुठी गेलं?" त्यानं बिचाऱ्यानं पान उलटून पाहिलं आणि सांगितलं की यात रॉकेल नाही.

तुझ्यावर नेहमी टपून असायची ती मोठ्या डोळ्यांची बाई हळूच म्हणाली, "वो बाई, हे तुयं हाये का शाळेतल्या मास्तरणीचं?" तेव्हा हसल्या सगळ्या. तू मान वर केलीस आणि फाटकाशी मी दिसलो. तुला एवढंच म्हणता आलं असतं की हा उभा आहे माझा पोरगा, यालाच विचारा. तू म्हटलं नाहीस. कारकुनाच्या हातातून अंक घेतलास, घडी केलीस, आणि म्हणालीस, "माह्यं नसन हे. दुसरीचं असन." मी गठ्ठा घेऊन परत गेलो. त्या आठवड्यापासून तुझं नाव तिथं छापील बाई पडलं. आली का छापील बाई, सरका, छापील बाईले बसू द्या. हे मला काकूनं सांगितलं, तू नाही.

त्या संध्याकाळी चूल पेटलेली आहे आणि आपण दोघंच आहोत. तू भाकरी उलटतेस आणि माझ्याकडे न बघता विचारतेस, "काहून बदललं, बापू?" मी म्हणतो, मालकानं बदललं. मोठ्या लोकांना आपलं बोलणं कागदावर चालत नाही. तू भाकर तव्यावरून काढतेस. मग म्हणतेस, "मंग मागून कायले नेलं? मी तं द्याले गेलो नव्हतो." मी म्हणतो, मी नोकर माणूस, मी काय बोलणार. तू मान हलवतेस. ते तुला पटतं. नोकर माणसाचं तुला कधीही पटायचं. दुसऱ्या दिवशी माझी भाकर तू त्याच अंकात बांधून दिलीस. रागानं दिलीस का घरात दुसरा कागद नव्हता म्हणून, हे मी तेव्हा विचारलं नाही. शाईचा वास भाकरीला लागला होता. मी ती खाल्ली.

पुढे हॉटेलवाला ती बाजू वाजवतच राहिला, दीड-दोन महिने तरी. काकू सांगायची, सुई उचलली की सवयीनं सगळ्या तुझ्याकडे बघायच्या आणि तू भाकर मोडत राहायचीस. एक-दोघींनी स्वतः जवाब देऊन पाहिला, तो रंगला नाही. नंतर बघायच्या थांबल्या. घरी मी मुद्दाम विचारायचो, माय, हे गाणं कसं हाये? तू म्हणायचीस, बरं हाये. जयंतीच्या मंडपात नवी कव्वाली पार्टी आली, जऊळक्याच्या गाडीनं लोक ऐकायला आले, तुला विचारलं, बरं हाये. पहिल्या पहिल्यांदा मी दुसरं काही यायची वाट बघायचो. चार वर्षं सगळं 'बरं'च होतं आणि मग तू गेलीस. तापानं, आठ दिवसांत. माझं रडून झालं असेल, पण रडल्याचं काही आठवत नाही. पुण्यानुमोदनाची पत्रिका छापायची होती, तिचं प्रूफ मी तीनदा पाहिलं, ते आठवतं.

मालकांशी तू पुन्हा बोलली नाहीस. दर जयंतीला ते स्वतः सायकलवर वस्तीत यायचे, कार्यक्रमाची पत्रकं विनामूल्य छापून आणायचे आणि आपल्या दारावरून जाताना सायकलवरून उतरून तुला नमस्कार करायचे. तू उठून आत जायचीस. ते क्षणभर थांबायचे आणि पुढे जायचे. तुझ्या मातीला आले होते. चप्पल काढून लांब उभे होते. परतताना माझ्याबरोबर चालत आले आणि विचारलं, "गड्या, तुझ्या आईचं माझ्याशी काय बिनसलं होतं रे?" मी म्हटलं, काही नाही मालक, तिचा स्वभावच तसा होता.

मालकानं काही बदललं नव्हतं. मी तुझं बोलणं सांगितलं तेव्हा त्यांनी हसून हसून चष्मा काढून पुसला होता आणि म्हणाले होते, जशी बोलली तसंच लाव, एक काना हलवू नकोस. मी तसंच लावायला घेतलं. डाव्या हातात खिळे धरायची स्टिक, तिच्यात दोन ओळी भरल्या. खिळ्यांवर अक्षरं उलटी असतात, पण मला ती सुलट्यापेक्षा लवकर वाचता यायची, तेव्हा आणि आताही. हायस्कूलचे एक मास्तर दर अंक घेऊन छापखान्यात यायचे, वस्तीतल्या जुळाऱ्याची चूक शोधायला. दोन वर्षांत त्यांना एक सापडली नव्हती. मी स्टिकमध्ये बघितलं आणि तुझ्या ओळीवर, बाईच्या तोंडच्या त्या 'लावतो'वर, मला त्यांचं बोट दिसलं. मी दोन्ही ओळी सोडवल्या, खिळे ज्याच्या त्याच्या कप्प्यात परत टाकले आणि दुसरं लावलं. पाऊण तास लागला. चांगलं जमलं असंही वाटलं होतं. अंक निघाल्यावर मालकांनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि पान उलटलं. मास्तर आले, त्यांना चूक सापडली नाही.

मालक गेल्या वर्षी वारले. त्यांनाही हे सांगितलं नाही. तुला सांगायला चोवीस वर्षं लागली, आणि तेही तू नसताना. तू असतीस तरी हा कागद तुला कोणाकडून तरी वाचून घ्यावा लागला असता, आणि घरात वाचून दाखवणारा मीच होतो. मी तुला बाकीचं सगळं वाचून दाखवलं असतं. हे शेवटचं गाळलं असतं.