जवळचा आकडा

प्रिय नोरीन,

लॉइड माझ्यामुळे गेला, असं तू मला कधीच म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर बरं झालं असतं.

त्या सकाळी तुझा लॉइड मला चिडवत होता, "मेव्हण्या, तुला कशाला हवेत बर्फावरचे हे रुंद जोडे? पोटावरच घसरत ये!" दुपारी कूटनीच्या डोंगरातला तो अख्खा बर्फाचा उतार सुटून खाली कोसळला. लॉइड आणि वाटेत भेटलेली एक बाई, दोघंही माझ्यासमोर गाडले गेले. गाडलेल्याच्या अंगावरच्या यंत्राचं अंतर दाखवणाऱ्या माझ्या शोधयंत्रावर दोन आकडे आले, चार मीटर आणि एकोणीस मीटर. कोणता कुणाचा, ते यंत्र सांगत नाही. नियमाप्रमाणे मी जवळचं आधी खणलं. लांब, पांढरे केस दिसले. फावडं टाकून लॉइडकडे पळावंसं वाटलं, पण तिचं तोंड मोकळं होईपर्यंत मी खणत राहिलो. ती जगली.

"लगेच गेला ना रे?" तू विचारलंस. मी हो म्हणालो.

नोरीन, त्यानं तोंडापुढे हातानं पोकळी केली होती. तिच्या कडा श्वासानं गोठून काचेसारख्या झाल्या होत्या. तो बराच वेळ माझी वाट बघत होता.

तुझा भाऊ,
डर्क