‘येथे जन्मले’

शिगेनोरी दाजी,

इनारी देवीच्या देवळातले दोन दगडी कोल्हे, पुलाजवळची जिझो देवाची मूर्ती आणि तुमच्या आईच्या थडग्यावरची अक्षरं मी या हातांनी घडवली, कुणाच्या हाताखाली न शिकता. माझ्या छिन्नीचं एकही अक्षर आजवर खोटं निघालेलं नाही.

म्हणून चित्रकार कुसाकांच्या स्मारकाच्या दगडाची तुम्हाला एवढी घाई का, हे मला कळेना. तुमच्यासारखा नगरकचेरीतला माणूस उगाच साकेची बाटली घेऊन येत नाही. ‘कुसाका येथे जन्मले’ एवढंच कोर म्हणालात, आणि जुन्या माणसांना विचारू का म्हटल्यावर हवापाण्यावर आलात.

मी डोंगरापलीकडे कुसाकांच्या आजोळी गेलो. त्यांची नव्वदीची मामेबहीण तोमे आजी हसायलाच लागली.

“पहिलं बाळंतपण माहेरीच असतं की रे. तुमच्या गावची सासू पाणी तरी तापवून देणार होती का? पोर इथं झालं, महिन्याचं झाल्यावर तुमच्याकडे नेलं.”

तुम्हाला हे आधीच ठाऊक असणार. दगड जिथे बसणार त्याच्या समोरचं दुकान ताईच्या नावावर आहे, आणि जन्मस्थान बघायला येणारी गिऱ्हाइकं तिथेच वळणार, हेही मी विसरलेलो नाही. हे पत्र टाकणार नाही. पोस्टमास्तर तुमचा मावसभाऊ, तो आधी वाचेल.

काल तुम्ही परत आलात. ‘येथे वाढले’ असं फुकट कोरून देतो, म्हटलं मी. तुम्ही दार लोटून घेतलंत आणि ‘जन्मले’ या एका शब्दाचे सहा लाख येन देऊ केलेत. मी नको म्हटलं.

तुमचा मेहुणा,
गेम्पेई