महाराज, निघा! पूल मी धरतो!

३ नोव्हेंबर
संकल्प: सिगारेट बंद. पहाटे उठून तलवारीचे हात. आरशासमोर डोळ्यांचा व्यायाम. आज यातलं काहीच झालं नाही, कारण बस लवकर होती. सकाळी दक्षिणेच्या सैन्यात होतो. जेवणानंतर चिलखत बदलून उत्तरेच्या सैन्यात. दोन्हीकडून हरलो. पण डायरेक्टरने एकदा माझ्याकडे टक लावून पाहिलं. तेंगदादा म्हणाला, "अरे ब्यान्या, तुझ्यामागे घोडा लीद टाकत होता, ते बघत होता तो." दादा माणूस चांगला, पण त्याला पारख नाही.

६ नोव्हेंबर
दादाचा फोन खंदकात पडला. बुडणाऱ्या शिपायाचं काम होतं, फोन खरोखरच बुडाला. रिपेअरला टाकलाय. तोवर मुकादमीण क्वांगबाईंना त्याने माझा नंबर दिला. आम्हां गर्दीतल्या लोकांना काम देणं त्यांच्या हातात, त्यांच्यापुढे सम्राटसुद्धा चिल्लर. दादा म्हणाला, "माझं काही आलं तर सांग रे." हे काय सांगायला हवं? एका खोलीत राहतो. पहिल्या हिवाळ्यात मी तापाने फणफणलो, तेव्हा यानेच मला पाठीवर घालून दवाखान्यात नेलं. असे उपकार मी विसरत नाही.

८ नोव्हेंबर, संध्याकाळ
क्वांगबाईंचा मेसेज. तेंगला सांग, उद्या पहाटे पाचला मोठ्या फाटकाशी ये. एकनिष्ठ अंगरक्षकाचा रोल. डायलॉग आहे! "महाराज, निघा! पूल मी धरतो!" मग बाण लागून मरायचं.
दादा हंगद्यानच्या या सिनेमानगरीत नऊ वर्षं आहे. शेकडो वेळा मेला, पण तोंडातून शब्द काढायला कधी मिळाला नाही. केवढा खूश होईल! नूडल्स आणायला गेलाय. आला की सांगतो.
नंतर: आला. नूडल्स निवले असते, म्हणून आधी जेवलो. आज अंडं जास्तीचं होतं. दादा माझ्याकडे बघून सारखा हसत होता.
आणखी नंतर: दादा भिंतीकडे तोंड करून झोपला. दमलेल्या माणसाला उठवणं पाप.

९ नोव्हेंबर
पहाटे उठवणारच होतो. पण विचार केला, याची पाठ मधूनमधून दुखते आणि अंगरक्षकाला कोसळायचंय. काही बरंवाईट झालं तर? केवळ काळजीपोटी मी गेलो. क्वांगबाई म्हणाल्या, "तू? तेंग कुठाय? काल तर चांगला होता." म्हटलं, पाठ धरलीय, उठवत नाही त्याला. हे खोटं म्हणता येणार नाही. दुखते कधीतरी, मी जरा आधी सांगितलं इतकंच.
डायलॉग फक्कड गेला. आधीचे सात टेक वाऱ्यामुळे वाया गेले. बाण लागला, मी प्रेतांच्या ढिगात कोसळलो. शेजारच्या प्रेताने एक डोळा उघडला. तेंगदादा! सकाळी आपणहून फाटकावर आला, प्रेतं कमी पडत होती, म्हणून घेतला त्याला. डोळा परत मिटला. प्रेताने हलायचं नसतं, हा नियम ज्याने केला त्याचं भलं होवो.
इथली रीत अशी, मेल्यावर उठून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, म्हणजे मरण अंगाला चिकटत नाही. वर पैशांचं लाल पाकीट मिळतं, ते घरी न नेता त्याच दिवशी बाहेर उडवायचं. सगळी प्रेतं उठून खदाखदा हसली. दादासुद्धा. मला हसू फुटेना. शेवटी दात दाखवले. तेवढ्यात क्वांगबाईंनी दादाला विचारलं, "पाठ कशी आहे?" दादा म्हणाला, "पडून राहायचंच काम होतं ना बाई, आराम पडला."
म्हणजे पाठ खरंच दुखत होती! माझा अंदाज बरोबर. जेवणाची सुट्टी झाली. डायलॉगवाल्याच्या डब्यात कोंबडीची तंगडी जास्त असते. ती दादाला देऊ केली. म्हणाला, "नको, मेलेल्या माणसाला पचत नाही." त्याने आपलं पाकीट फाटकाबाहेर रताळ्यांवर उडवलं आणि सगळ्यांना वाटली. मलासुद्धा एक दिलं.

१० नोव्हेंबर
दादा नेहमीसारखाच बोलतो. "पाणी तापलंय." "बादली घे." म्हणजे त्याला काही कळलेलं नाही. पण मला त्याच्याकडे बघवत नाही. मी नीच माणूस आहे. (हे तात्पुरतं.) उद्या सगळं सांगणार. तोवर माझं लाल पाकीट गुपचूप त्याच्या उशीखाली ठेवलं. निदान हक्काचं तरी त्याला मिळो. फार हलकं वाटलं.

११ नोव्हेंबर
सांगणार होतो. पण दादा दाढी करत होता. हातात वस्तरा. उद्या नक्की.

१२ नोव्हेंबर
दादा जिन्यावरून घसरला. ढोपर सोलवटलं. घरमालकीण औषध लावताना सहज म्हणाली, "मेल्यांनो, मरणाचं पाकीट घरात आणलंत की काय?" पाकीट! ते उडवायचं सोडून मी घरात आणलं आणि तेही दादाच्या उशीखाली! त्याचा रोल मी घेतला आणि त्यातलं मरण तेवढं त्याला दिलं.
पाकीट काढायला धावलो. हात उशीखाली असतानाच दादा लंगडत दारात. म्हणाला, "आता उशीपण पाहिजे का, ब्यान्या?"
म्हटलं, दादा, मी सांगणारच होतो, पण तू झोपला होतास. तो खाटेवर बसला. म्हणाला, "झोपलो नव्हतो रे. नूडल्सच्या दुकानात क्वांगबाई भेटल्या होत्या. म्हणाल्या, तुझ्या रोलचा ब्यानला मेसेज टाकलाय. म्हटलं, तुझ्या तोंडून ऐकू, मजा येईल. म्हणून अंडं जास्तीचं घालायला लावलं."
मग तू पहाटे उठला का नाहीस, असं मी विचारलं. उलट त्यालाच! तो म्हणाला, "उठून काय बोलणार होतो? तू चपला हातात घेऊन निघाला होतास." मग म्हणाला, "आणि कारण सांगितलंस तेही माझ्या पाठीचं. ज्या पाठीवर तुला वाहिलं तिचं."
मी रडलो. अभिनय नव्हता. त्याने पाकीट उचललं, खाली जाऊन भिकाऱ्याला देऊन आला, आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

१५ नोव्हेंबर
दादाचा फोन दुरुस्त होऊन आला. दादा खालच्या मजल्यावर सिचुआनहून आलेल्या पोरांच्या खोलीत राहायला गेला. म्हणाला, ढोपर दुखतं, जिना नको. तसंच असेल. नूडल्स एकट्यासाठी आणले, निम्मे उरले.

१६ नोव्हेंबर
आज मन घट्ट केलं. क्वांगबाईंकडे गेलो, दादाची पाठ ठणठणीत होती असं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "ते मला तेव्हाच कळलं. प्रेत होऊन दिवसभर दगडावर पडला होता तो." मग पुढचा डायलॉग तरी दादाला द्या, अशी गळ घातली. म्हणाल्या, "बघू." वजन पडलं माझ्या शब्दाचं. दादा वर येईल परत.

१९ नोव्हेंबर
क्वांगबाईंचा फोन. मोठा रोल! माझ्यासाठी! दरबाराचा सीन, थेट क्लोजअप. शेवटी डायरेक्टरला माझा चेहरा दिसला. विचारलं, कोणाचा रोल? बाई म्हणाल्या, आपल्या धन्याला शत्रूच्या हाती देणारा सरदार, पकडून आणलाय त्याला. डायरेक्टरला कोणीच पसंत पडेना. जो तो उगाच डोळे वटारतो. तेव्हा म्हणे सेटवरच्या प्रेतांतून एक आवाज आला, "ब्यानला घ्या साहेब, त्याला शिकवावं लागणार नाही."
कोणाचा आवाज, ते मी विचारलं नाही. बाईंनीच सांगितलं.
उद्या पाचला हजर व्हायचंय. डायलॉग नाही. गुडघे टेकून नुसती मान खाली घालायची. आरशासमोर करून पाहिलं. पहिल्याच वेळी जमलं.