गुलाबची फेरी

१२ ऑगस्ट १९७९, तळेगाव
या टिपणांतून एकच विधान सिद्ध करावयाचे आहे: अनियंत्रित आकाशात वैमानिकाचे रक्षण नियम आणि डोळे करतात, श्रद्धा नव्हे.
आज सकाळी पोचलो. वऱ्हाडी कपाशीच्या शेतांमधली मुरमाची धावपट्टी, एक खोली, एक रेडिओ, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. चित्त प्रसन्न झाले. फवारणीच्या वैमानिकांना शिस्त लावणे हे माझे काम. येथे उतरण्याची परवानगी देणारा मनोरा नाही. प्रत्येकाने आपली जागा रेडिओवर सांगावी, इतरांचे ऐकावे, बाहेर पाहावे आणि निर्णय स्वतः घ्यावा. एवढे शिकवण्यासाठी मला पुण्याहून आणावे लागले.

१४ ऑगस्ट
वैमानिक रूपराव उतरण्यापूर्वी एक फेरी निष्कारण मारतो. चौकीदार नत्थूजींनी खुलासा केला. गेल्या हंगामात गुलाब नावाच्या वैमानिकाला खालून कुणीतरी 'ये' म्हणाले. त्याने बाहेर न पाहता विमान उतरवले आणि तो पट्टीवरच्या ट्रॅक्टरवर आदळून मेला. परवानगी देणारा मूर्ख, ती मानणारा त्याहून मूर्ख. तेव्हापासून सगळे आधी एक फेरी त्याच्यासाठी सोडतात.
"साहेब, गुलाब अजून उतरला नाई. त्याले पहिले उतरू द्या."
मृताला धावपट्टी लागत नाही, हेही यांना समजावावे लागते. फेरी बंद केली.
"मंग त्याले तुम्हीच सांगजा," म्हणून नत्थूजी विडी पेटवायला गेले.

१७ ऑगस्ट
रूपराव सरळ उतरला. कानात कुणी 'मीही उतरतोय' म्हणाले, अशी त्याची तक्रार. रेडिओवर बोललेले मला खाली ऐकू येते. हे आले नाही. म्हणून ते बोललेच गेले नाही. त्याला तर्क पटला नाही. तर्काचे त्यात काही बिघडत नाही.

१९ ऑगस्ट
आज मीही ऐकले. तरुण आवाज, स्वच्छ उच्चार. पट्टीच्या टोकाशी आहे, म्हणाला. दुर्बिणीतून पाहिले: आकाश रिकामे. वारा नव्हता. तरी पिशवी फुगली, दोन्ही अंगांची कपाशी वाकली — काहीतरी न टेकता गेले. नियमांत याला —

२० ऑगस्ट, दुपार
रूपराव घिरट्या घालतो आहे. पेट्रोल संपत आले. प्रत्येक वेळी तो आवाज त्याच्या पुढे. सर, तो दिसतो का, विचारतो. नाही. पट्टी रिकामी — मी माईक उचलला. 'ये' म्हणालो.
'येतो.' दोन आवाज.

नंतर
पट्टीवर एकच विमान जळते आहे. नत्थूजी धावले. मला उठवत नाही.
चूक एकच. येथे परवानगी देण्याचा अधिकार कुणालाही नव्हता. मी ती दिली.
— द. रा. बोरवणकर
रेडिओची तार उपटली आहे. तरी दोघे विचारताहेत, सर, आता आधी कोण —