सासरची परवानगी

आई, तुला जाऊन अकरा वर्षं झाली. परवा तुझ्या नातीचं सिझर झालं. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. एवढंच कळवायला बसले होते, पण हात थांबेना.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात मी कुरुंदवाडहून गडहिंग्लजला तुझ्याकडे आले. सासरच्या गावच्या नर्सनं माझं कार्ड केलं होतं, ते सासूबाईंनी पाठवलंच नाही. आता जबाबदारी माहेरची, म्हणाल्या. तुझ्याकडची नर्स दोनदा दारात आली. नवीन कार्ड करूया, रक्तदाब तपासूया म्हणाली. तू तिला चहा पाजलास आणि वाटेला लावलंस. "पोरगी दोन म्हयन्याची पावणी हाय. तिची नोंद तिकडं हाय की." माझे पाय इतके सुजले होते की चप्पल चढत नव्हती. तू रोज ते कोमट पाण्यात शेकायचीस, चुलीपाशी पाट टाकून पहिली गरम भाकरी मला वाढायचीस. माया कमी पडली असं मी कधीच म्हणणार नाही. तपासायला तेवढं कुणी नेलं नाही, आणि मीही चला म्हटलं नाही.

मग ती सकाळ. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय, आणि तू मला रिक्षात घालून दवाखान्यात नेतेस. आबा गेल्यापासून घरात कर्ती तूच. डॉक्टर सांगतात, रक्तदाब फार वाढलाय, बाळाचे ठोके कमी होतायत, लगेच सिझर करावं लागेल, सही करा. तू सातवी शिकलेली, झोकात सही करणारी बाई. तरी पेन हातात घेत नाहीस. "दिलेली लेक हाय, डॉक्टर. तिकडच्या मान्सांना इच्यारल्याबिगर पोट फाडायचं कसं? उद्या काय झालं तर त्यास्नी काय सांगू?" सासरी फोन नव्हता. शेजारच्या दुकानात फोन लागला, दुकानदारानं शेतावर माणूस धाडला, आणि करा म्हणून निरोप यायला अडीच तास गेले. मुलगा होता. रडलाच नाही.

त्यावरून मी तुला पुढं कधी सोडलं नाही. दिवाळीला आले की एकदा तरी म्हणायची, तुझ्यामुळं गेला माझा. तू ताट वाढत राहायचीस. शेवटी अंथरुणाला खिळलीस तेव्हाही मी बोलले. बोलायला नको होतं.

परवा तीच वेळ माझ्यावर आली. लेक कोल्हापूरहून माझ्याकडे आलेली, तिची फाईल तिनं स्वतः आणलेली. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी झालंय, आजच सिझर करू. मी काय केलं असेल? पिशवीतून मोबाईल काढला.

"आई, कुणाला फोन लावतीस?"

"तुझ्या सासूला. विचारायला नको?"

"विचारायचं काय त्यात? झाल्यावर सांग. पेन दे हिकडं."

डॉक्टर म्हणाले, "पेशंट शुद्धीवर आहे, तिचीच सही पुरते." तिनं सही केली आणि तिला आत नेलं. मी बाहेर बाकड्यावर बसले.

आई, मीसुद्धा शुद्धीवर होते गं. त्या दिवशी डॉक्टर आधी माझ्याच कॉटपाशी आले होते. एकवीस वर्षांची होते, सगळं ऐकू येत होतं. मी तोंड भिंतीकडं केलं. तू आत येऊन माझा हात धरून विचारलंस, "करू का सही?" आणि मीच म्हणाले, "ह्यांना विचारल्याबिगर करू नको. मला परत नांदायला जायचंय." मग तू बाहेर जाऊन डॉक्टरांना जे सांगितलंस, ते स्वतःचं म्हणून सांगितलंस. माझ्या सासरी नाही, भाऊबंदांत नाही, भांडणाच्या भरात मलासुद्धा तू ते कधी ऐकवलं नाहीस.

हे पत्र लेकीला वाचायला द्यावं असं आज सकाळी मनात होतं. बाळाला पाजता पाजता तिनंच विचारलं, "आजीनं तेव्हा सही का केली नाही गं?"

मी म्हटलं, "जुनी माणसं. घाबरायची."